काम रक्तगट जुळवण्याचं, गट अतांत्रिक : मेडिकल असिस्टंटची बढती एका शब्दात अडकली आहे

फलटणकरीण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. विषय माझ्या नवऱ्याच्या नोकरीचा आहे. हे सेवेत असल्यामुळे स्वतः जाहीर लिहू शकत नाहीत. त्यांना विचारून, कुठल्याही युनिटचं किंवा हॉस्पिटलचं नाव न घेता मी लिहिते आहे. तुम्हीही अंदाज बांधून नावं लिहू नका, ही विनंती.

हे हवाई दलात मेडिकल असिस्टंट आहेत. २००७ साली बारावी सायन्सवर भरती झाले, आज सार्जंट आहेत. वीस वर्षांची पहिली मुदत २०२७ मध्ये भरते. त्याआधी ज्युनियर वॉरंट ऑफिसर होण्याची आशा होती, आणि ती धरायला कारणही होतं.

मी स्वतः डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्नॉलॉजीची पदविका केलेली आहे, एका खाजगी लॅबमध्ये काम करते. म्हणून ह्यांचं काम काय दर्जाचं आहे ते मला बायको म्हणून नाही, त्याच कामातली म्हणून कळतं. एकच प्रसंग सांगते. उंचावरचं एक स्टेशन, जानेवारी महिना, पहाटेचे अडीच. अपघातातला एक जवान आणलेला, रक्त लगेच चढवायचं होतं. ह्यांनी गट तपासला तर सगळ्याच नळ्यांत गुठळ्या. ए मध्ये, बी मध्ये, आणि जिथे यायलाच नको त्या कंट्रोलच्या नळीतही. घाईत असलेला माणूस कंट्रोलकडे न बघता एबी लिहून मोकळा झाला असता. हे थांबले. काही माणसांच्या रक्तातल्या अँटिबॉडी थंडीत तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवतात, हे ह्यांना माहीत होतं. नमुना ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवला, कोमट सलाईनने पेशी तीनदा धुतल्या, पुन्हा तपासलं. गट निघाला ओ पॉझिटिव्ह. ओ गटाच्या माणसाला एबीची पिशवी लागली असती तर काय झालं असतं, हे इथल्या वैद्यकीय मंडळींना सांगायला नको.

हे काम करणाऱ्या माणसाच्या ट्रेडपुढे, म्हणजे सेवेतल्या कामाच्या प्रकारापुढे, कागदावर लिहिलेलं असतं : ग्रुप वाय, अतांत्रिक.

आता मूळ तक्रार. काही वर्षांपूर्वी ह्यांना एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चौदा महिने अटॅच केलं होतं. ड्युटी चार्टवर, रजिस्टरवर, टेबलावरच्या शिक्क्यावर, सगळीकडे ‘लॅब टेक्निशियन’. बढतीसाठी लागणारी परीक्षा त्याच काळात आली. फॉर्म तिथल्या ऑफिसने भरला आणि ट्रेडच्या रकान्यातही ‘लॅब टेक्निशियन’ लिहिलं. हे पास झाले. नोटीस बोर्डावरच्या निकालाचा फोटो आजही माझ्या मोबाईलमध्ये आहे.

पुढे हे आपल्या युनिटला परतले. गेल्या वर्षी बढतीची यादी आली, तिच्यात ह्यांच्या मागून आलेल्या दोघांची नावं, ह्यांचं नाही. चौकशी केली तर उत्तर मिळालं, परीक्षा पास झाल्याची नोंदच नाही. फोटो दाखवला तर म्हणाले, हा निकाल लॅब टेक्निशियनचा आहे, असा ट्रेडच आपल्याकडे नाही, तुम्ही मेडिकल असिस्टंट आहात. तक्रार निवारणाचा अर्ज म्हणजे आरओजी दिला. एका ओळीत फेटाळला : ‘नोंदीनुसार अपात्र’. त्याला आता तीन महिने होत आले.

चौदा महिने जे नाव ह्यांना संस्थेनेच दिलं, तेच नाव ह्यांच्या विरुद्ध गेलं. यात पुढे काय करता येईल? आणि या कामाला अतांत्रिक म्हणणं बदलण्यासाठी कुठे दाद मागता येते?

माळरान

ताई, वाचून वाईट वाटलं. एकच विचारतो. त्या निकालावर सर्व्हिस नंबर आहे का? ट्रेड काहीही छापलेला असो, नंबर तर एकाच माणसाचा असतो.

फलटणकरीण

आहे. आत्ता फोटो मोठा करून पाहिला. नंबर बरोबर आहे, नाव बरोबर आहे, हुद्दा बरोबर आहे. फक्त ट्रेड वेगळा.

कराडकर काका

ताई, मी आर्मी मेडिकल कोअरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. हवाई दलाची पद्धत थोडी वेगळी आहे, पण कागद सगळीकडे सारखेच छळतात. आमच्याकडे पार्ट टू ऑर्डर म्हणतात, तुमच्याकडे पीओआर. जवानाच्या आयुष्यात जे घडतं, लग्न, मूल, कोर्स, परीक्षा, ते त्या ऑर्डरवर चढलं तर घडलं. नाही चढलं तर रेकॉर्डच्या लेखी घडलंच नाही. तुमचे यजमान पास झाल्याची पीओआर निघाली का, आणि निघाली तर कोणत्या युनिटने काढली, हा पहिला प्रश्न. माझा अंदाज असा की हॉस्पिटलला वाटलं मूळ युनिट काढेल आणि मूळ युनिटला वाटलं हॉस्पिटलने काढली असेल. अटॅचमेंटवरच्या माणसाचं असं नेहमी होतं. माझ्या हाताखालच्या एका नाईकची मुलीच्या जन्माची नोंद अशीच सहा वर्षं लटकली होती.

गटाबद्दल थोडं जुनं सांगतो. पाचव्या वेतन आयोगानंतर जवानांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन गट होते. सहाव्याने वाय आणि झेड एकत्र केले. म्हणजे पूर्वी झेडमध्ये असलेलेही वायमध्येच आले. एक्स गट वरती वेगळाच राहिला. हवाई दलाच्या भरतीच्या जाहिरातीत तर सरळ छापलेलं असतं : एक्स तांत्रिक, वाय अतांत्रिक, आणि मेडिकल असिस्टंट वायमध्ये. हा शब्द तुमच्या यजमानांच्या कामाचा अपमान म्हणून कुणी लिहिलेला नाही, पण लागतो, हे खरं आहे. मलाही लागला असता.

फोटोची प्रत इथे टाकू नका. सेवेतल्या माणसाचा नंबर बाहेर जाता कामा नये.

इंजिनघर

मी एक्स गटातून बाहेर पडलो, इंजिनांवर काम केलं. ताईंच्या तक्रारीचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

एक्स गटाचे जादा पैसे कामाच्या महत्त्वावर ठरत नाहीत. सातव्या वेतन आयोगानंतर एक्स गटात ज्याच्याकडे एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, मानलेल्या तांत्रिक पदविकेच्या तोडीची पात्रता आहे त्याला महिना ६,२०० रुपये, बाकीच्या एक्सवाल्यांना ३,६०० रुपये. म्हणजे आमच्यातल्या आमच्यातच फरक. भरतीच्या जाहिरातीत एक्सचा सुरुवातीचा पगार ३३,१०० आणि वायचा २६,९०० दाखवायचे, तो फरक म्हणजे हेच ६,२००. मिलिटरी सर्व्हिस पेचे ५,२०० दोघांनाही सारखेच.

वहिनी, तुमच्या यजमानांनी त्या रात्री एक जीव वाचवला, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. पण ‘महत्त्वाचं काम’ ही कसोटी लावली तर स्वयंपाकघरापासून टॉवरपर्यंत कोण मागे राहील?

फलटणकरीण

दादा, तुमचं म्हणणं समजतं. पण मी महत्त्व मागत नाहीये. तंत्र आहे की नाही, एवढंच विचारते आहे. सेंट्रिफ्यूज किती वेगाने किती मिनिटं फिरवायचं, ॲनालायझरचं रोजचं कॅलिब्रेशन, कंट्रोल बाहेर गेला तर अख्खी बॅच थांबवायची, हे तंत्र नाही तर काय आहे? माझ्या लॅबमध्ये हेच काम करणाऱ्या मला टेक्निशियन म्हणतात. पदविका हा निकष असेल तर तो लेखी सांगा, हे तीही मिळवतील. पण ज्यांनी मिळवली त्यांनाही गटाचं दार बंद असेल, तर मग निकष पदविकेचा कसा राहिला?

इंजिनघर

हा प्रश्न बरोबर आहे. आमचा गट आधी ठरतो आणि पदविका त्याच्या आत बघतात. गटाबाहेरच्या माणसाने पदविका आणली तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. माझं आधीचं वाक्य थोडं कडक झालं, मागे घेतो.

गोडोलीचा मामा

थोडं अवांतर. माझा भाचा डी. फार्म. आहे, फार्मसीवाल्यांसाठी मेडिकल असिस्टंटची भरती असते तिची तयारी करतोय. ही भरती अग्निवीरमध्ये येते का? हा धागा वाचून घरात चलबिचल झाली आहे.

कराडकर काका

मामा, २०२२ नंतर हवाई दलात बहुतेक मुलं अग्निवीरवायू म्हणून जातात, पण मेडिकल असिस्टंटची भरती त्यानंतरही नियमित एअरमन म्हणून झालेली आहे, वीस वर्षांच्या मुदतीची. भाच्याला जाऊ द्या. फक्त पहिल्या दिवसापासून प्रत्येक सर्टिफिकेट, प्रत्येक निकाल, प्रत्येक पीओआरचा नंबर एका वहीत लिहायला सांगा. ही वही मी लिहिली नाही, माझ्या बायकोने लिहिली, म्हणून माझी पेन्शन सुरळीत झाली.

डेट्रॉइटची आजी

मी कोल्हापूरची, तीस वर्षं इकडे आहे. माझा धाकटा मुलगा अमेरिकन सैन्यात लॅबमध्ये आहे, म्हणून राहवलं नाही. इथे लढाईतल्या प्रथमोपचाराच्या माणसाचा कोड वेगळा, ६८डब्ल्यू, आणि लॅबवाल्याचा वेगळा, ६८के. क्ष-किरणवाल्याचा ६८पी. कामाला स्वतःचं नाव आहे, ताई म्हणतात तसं.

पण त्याची दुसरी बाजूही बघितली आहे. इथे सार्जंट आणि स्टाफ सार्जंटच्या बढतीसाठी दर महिन्याला प्रत्येक कोडचे वेगळे कटऑफ गुण लागतात. कोड लहान असला, वरच्या जागा भरलेल्या असल्या की कटऑफ ७९८ ला जाऊन बसतो, म्हणजे दार बंदच. माझा मुलगा दीड वर्ष थांबला, आणि त्याच्याबरोबर आत गेलेला ६८डब्ल्यूवाला मित्र पुढे गेला. वेगळं नाव मागताना वेगळी रांगही मिळते, आणि ती रांग छोटी असते म्हणून लवकर सरकेल असं नाही.

कराडकर काका

आजी, अगदी हेच आमच्याकडेही. लष्करात नर्सिंग असिस्टंट, लॅब असिस्टंट, रेडिओग्राफर, ऑपरेशन रूम असिस्टंट ही ट्रेडं वेगवेगळी आहेत. आमच्या वेळी लहान ट्रेडमधली पोरं वर्षानुवर्षं हवालदारीवर थांबलेली मी पाहिली आहेत, कारण वर सुभेदार निवृत्त झाल्याशिवाय जागाच नाही. तेव्हा ताई, गट तांत्रिक व्हावा हे मागा, पण लॅबचा वेगळा ट्रेड मागताना दहा वेळा विचार करा.

तारीखपेतारीख

मी सैनिकी सेवेच्या प्रकरणांत वकिली करतो. सल्ला म्हणून नाही, माहिती म्हणून लिहितो. कागद बघितल्याशिवाय सल्ला देणं चूक ठरेल.

इंजिनघर यांनी केलेले दोन भाग अगदी योग्य आहेत. कोणता ट्रेड कोणत्या गटात, कुणाला किती वेतन, हे न्यायालयं सहसा हातात घेत नाहीत. ते वेतन आयोगासारख्या तज्ज्ञ मंडळाचं काम आहे, असं ती सांगतात. आठवा वेतन आयोग २०२५ मध्ये नेमला गेला आहे, न्यायमूर्ती रंजना देसाई अध्यक्ष आहेत. गटाचा मुद्दा त्या वाटेने, माजी सैनिकांच्या संघटनांमार्फत निवेदन देऊन मांडायचा. तुमच्या अर्जात तो घातलात तर समोरचे त्याच मुद्द्यावर बोलत बसतील आणि तुमचा पक्का मुद्दा पातळ होईल.

पक्का मुद्दा हा : बढती मिळण्याचा हक्क नसतो, पण पात्र माणसाचा विचार होण्याचा हक्क असतो, आणि तो मूलभूत हक्क आहे. ह्यांचा विचारच झाला नाही, आणि तो का झाला नाही तर दोन कार्यालयांनी एका रकान्यात वेगवेगळे शब्द लिहिले म्हणून. यात ह्यांची चूक कुठेही नाही.

आता मुदती. वायुसेना अधिनियम १९५० च्या कलम २६ खाली एअरमनला वरिष्ठांकडे दाद मागता येते. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा. त्याचं कलम २१ म्हणतं, आधी सेवेतले मार्ग वापरा. कलम २२ म्हणतं, अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत या. अर्जावर काहीच उत्तर आलं नाही तर अर्जाच्या तारखेपासून सहा महिने थांबायचं, आणि तिथून पुढचे सहा महिने तुमचे. आरओजी फेटाळल्याचे तीन महिने गेले आहेत, म्हणून वेळ काढू नका. उशीर माफ होऊ शकतो, पण माफी मागत आत जाण्यापेक्षा वेळेत जाणं बरं. पोस्टिंग महाराष्ट्रात असेल तर मुंबईचं खंडपीठ, गोवा आणि गुजरातही त्याच्याकडेच.

आणि माहितीचा अधिकार वापरा. हवाई दल त्यातून वगळलेलं नाही. दहा रुपये शुल्क, तीस दिवस. फार प्रश्न विचारू नका. ज्या हॉस्पिटलमध्ये परीक्षा झाली तिथून निकाल कोणत्या पत्राने, कोणत्या तारखेला, कुणाकडे गेला, आणि त्या यादीतलं ह्यांच्या सर्व्हिस नंबरचं पान, एवढंच मागा.

फलटणकरीण

खूप खूप आभार. हे रात्री ड्युटीवरून आल्यावर सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. कलम २२ चा भाग दोनदा वाचायला लावला. उद्याच माहितीचा अर्ज टाकतो.

एक विचारायचं राहिलं. समजा दुरुस्ती झाली, तर मधल्या काळाचं काय? त्या दोघांची नावं तर लागून गेली.

तारीखपेतारीख

दुरुस्ती मागताना तेवढीच मागू नका. ‘ज्या तारखेला माझ्या कनिष्ठाला बढती मिळाली त्या तारखेला माझा विचार व्हावा, आणि पात्र ठरल्यास तीच ज्येष्ठता मिळावी’ हे शब्द अर्जात हवेत. थकबाकीबद्दल ‘काम नाही तर पगार नाही’ असं उत्तर येईल. पण माणूस काम करायला तयार असताना कार्यालयानेच त्याला बाजूला ठेवलं तर हा नियम तसाच लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या जानकीरामन प्रकरणात म्हटलं आहे. पूर्ण थकबाकी मिळेलच असं नाही. पण मागितली नाही तर मिळणार नाही, हे नक्की.

माळरान

निवृत्तिवेतन शेवटच्या पगारावर ठरतं ना? म्हणजे हा फक्त हुद्द्याचा प्रश्न नाही.

कराडकर काका

हो. सार्जंट वेतनश्रेणीच्या लेव्हल पाचला, मूळ पगार २९,२०० पासून. ज्युनियर वॉरंट ऑफिसर सहाला, ३५,४०० पासून. आणि पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी. ८, १६ आणि २४ वर्षांना एमएसीपी, म्हणजे बढती न मिळालेल्याला पगाराची वरची लेव्हल, असतं, पण ज्याला आधीच दोन बढत्या मिळाल्या त्याला १६ व्या वर्षी काही मिळत नाही, आणि २४ पर्यंत हे थांबतील की नाही कुणास ठाऊक. शिवाय एमएसीपीने पगार वाढतो, खांद्यावर काही चढत नाही. बाहेर आल्यावरचंही बघा. सेवेचे कागद मेडिकल असिस्टंट म्हणणार, आणि लॅबमध्ये नोकरी मागायला गेलं की पदविका आणि पॅरावैद्यक परिषदेची नोंदणी विचारणार. पंधरा वर्षं मायक्रोस्कोपवर घालवलेली पोरं मी बाहेर सुरक्षारक्षकाच्या नोकरीत पाहिली आहेत. हे बदललं पाहिजे, आणि आयोगापुढे हेच मांडलं पाहिजे.

इंजिनघर

आयोगाच्या निवेदनाला माझी मदत धरा. आमच्या गावात माजी एअरमनांचा छोटा गट आहे, त्यात एक्सवाले जास्त आहेत. मी त्यांना हा धागा वाचून दाखवला. मेडिकल असिस्टंटसाठी पदविकेवर आधारित भत्ता असावा, गट बदलो वा न बदलो, याला सगळे तयार झाले. मसुदा ताईंनी लिहावा, लॅबच्या भाषेत. कॅलिब्रेशनचं वाक्य तसंच ठेवा.

फलटणकरीण (साडेचार महिन्यांनी)

धागा वर काढते आहे.

माहितीच्या अधिकारातलं उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. हॉस्पिटलने निकाल पाठवला होता. पत्राचा क्रमांक आहे, तारीख आहे, यादीत ह्यांचा सर्व्हिस नंबर आहे, पुढे ‘उत्तीर्ण’. ट्रेडच्या रकान्यात तेच दोन शब्द. त्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेलं झेरॉक्समध्येही दिसतंय. म्हणजे कुणाला तरी शंका आली होती. नंबरावरून शोधलं असतं तर पाच मिनिटांत माणूस सापडला असता. पण पान तसंच फायलीत गेलं आणि पीओआर निघालीच नाही. काकांनी ओळखलं तसंच.

ते पान जोडून ह्यांनी लगेच वरच्या पातळीवर अर्ज केला. तारीखपेतारीख यांनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं घातलं, आणि गटाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. ते न लिहिणं ह्यांना फार जड गेलं. त्या रात्री जेवताना म्हणाले, अर्जात मी मला मेडिकल असिस्टंट लिहिलं तेव्हा ती सगळी लॅबची रजिस्टरं डोळ्यांसमोर आली.

गेल्या आठवड्यात उत्तर आलं. परीक्षा पास झाल्याची नोंद मूळ तारखेने घेतली आहे. पुढच्या यादीसाठी नाव विचारात घेतलं जाईल. ज्येष्ठतेबद्दल उत्तरात काहीच नाही, होही नाही आणि नाहीही नाही.

हे खूश आहेत. मी अर्धीच आहे. पुढची यादी कधी लागेल आणि २०२७ आधी लागेल का, हे कुणी सांगत नाही. निवेदनाचा मसुदा झाला आहे, इंजिनघर दादांना व्यक्तिगत संदेशात पाठवला.

तारीखपेतारीख

अभिनंदन, नोंद झाली हे मोठं काम आहे. ज्येष्ठतेवर मौन म्हणजे नकार धरून चाला. हे उत्तर ज्या दिवशी हातात आलं तो दिवस कॅलेंडरवर लाल करा, तिथून सहा महिने. तोवर ज्येष्ठतेपुरता छोटा अर्ज पुन्हा द्या, आणि पाचव्या महिन्यात उत्तराची वाट न बघता कागद घेऊन वकिलाकडे जा.

फलटणकरीण

अर्ज कालच दिला. ह्यांनी स्वतः नेऊन दिला.

कराडकर काका

पोचपावती घेतली ना? दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही, तिन्ही बघा. सही अस्पष्ट असेल तर उद्या परत पाठवा त्यांना.

फलटणकरीण

शिक्का आणि तारीख आहे. सही नाहीये. उद्या सकाळी जातील.